गोलाईतली सुटी सोयावडी आणि दहा ग्रॅमचा भाव

सोयाबीनच्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, टेकून मी एकवीस वर्षं डबा खाल्ला, पण सोयाबीन कधी तोंडात घातलं नव्हतं. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या दुकानात, मी मुनीम आहे. सकाळी सौदा, दुपारी पट्ट्या म्हणजे विक्रीच्या पावत्या, संध्याकाळी वही. डब्यात तीन भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री दोन पोळ्या आणि भात. गेल्या दिवाळीनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) तपासली, ती आली 8.6. डॉक्टरांनी वहीत बघावं तसं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, भाकरी-भाताचा खप निम्म्याच्या खाली आणा आणि प्रोटीन वाढवा.

वाढवा म्हणजे काय वाढवा? त्यांच्याच दवाखान्यात आहाराचं सांगणाऱ्या एक मॅडम बसतात, त्यांनी कागदावर लिहून दिलं: पनीर, चिकन, मासे, बदाम, ग्रीक योगर्ट. ग्रीक योगर्ट काय असतं ते विचारायची मला लाज वाटली. पण एक गोष्ट त्यांनी कामाची सांगितली. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, हिशोबाने धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन रोज लागतं. माझं वजन 82 किलो, म्हणजे 68 ग्रॅम. आकडा मिळाला की मुनीमाला हुरूप येतो. मी जुन्या पट्टीबुकाच्या पाठीमागं दोन रकाने आखले. पहिल्यात दहा ग्रॅम प्रोटीन किती रुपयाला पडतं ते, दुसऱ्यात त्या दहा ग्रॅमबरोबर किती कार्ब, म्हणजे साखर वाढवणारा पिठूळ भाग, गळ्यात पडतं ते. खालचं सगळं त्या वहीतलं आहे. भाव मी स्वतः लातुरात मोजलेले, तुमच्या गावात दोन रुपये इकडंतिकडं होतील.

आधी दुकानाचं सांगतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच. गंजगोलाईत, जगदंबेच्या देवळाभोवती जे सोळा रस्ते फुटतात त्यातल्या एकावर हे किराणा-भुसाराचं दुकान आहे. नाव लिहीत नाही, मालकाला आवडायचं नाही. समोर उघडी पोती मांडलेली असतात. फुटाणे, शेंगदाणे, डाळी, जवस, कारळं आणि एका कोपऱ्यात सोयावडीचं पोतं. पोत्यात हात घालू देतात, ही मला दुकानाची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आमच्या धंद्यात माल हातात घेतल्याशिवाय बोली लागत नाही. पुडक्यातल्या मालाला फक्त चित्र बघायचं.

सुटी वडी मला 110 रुपये किलोने मिळते. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत 52 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. म्हणजे दहा ग्रॅम पडलं दोन रुपये दहा पैशाला. मी हिशोब तीनदा केला. कार्ब म्हणाल तर त्याच शंभर ग्रॅममध्ये 33, पण त्यातला तेराएक ग्रॅम नुसता चोथा, म्हणजे फायबर, साखर वाढवत नाही तो. दहा ग्रॅम प्रोटीनमागे खरा कार्ब चारच ग्रॅम.

घरी पिशवी ठेवली तर बायको म्हणाली, "सोयाबीन खाऊलालाव आता? ते तर कोंबड्याला घालतेत!"

तिचं खोटं नाही. सोयाबीनमधून तेल काढून घेतलं की जी पेंड उरते तीच कोंबडीच्या खाद्यात जाते, आणि आमच्या यार्डातला निम्मा गप्पांचा विषय पेंडीचा भाव हाच असतो. खाण्याच्या दर्जाचं तेल काढलेलं सोयापीठ वाफेत दाबून फुगवलं की वडी होते. मग मला वाटलं, कोंबडी ही मधली आडतच झाली की. पेंड खाते, आपली दलाली कापून घेते आणि अंडं देते. एक अंडं साडेसहा रुपयाला, त्यात सहा ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दहा ग्रॅमला जवळजवळ अकरा रुपये. पाचपट. दलालीचा धंदा आमचाच, तरी एवढी दलाली आम्ही कधी लावली नाही.

आता वडीच्या चवीचं. पहिल्या दिवशी बायकोने वडी धुऊन सरळ रश्श्यात टाकली. खाल्ली आणि दोघंही गप्प. चावलं की आतून गरम पाणी तोंडात, वास ओल्या कट्ट्याचा, आणि मसाला सगळा बाहेरच्या बाहेर. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, हे तुमचं तुम्हीच करा. मी केलं, आणि सात-आठ खेपा बिघडल्यावर जमलं ते असं.

पन्नास ग्रॅम वडी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, मीठ घालायचं, गॅस बंद करून वडी दहा-पंधरा मिनिटं बुडवायची. मग थंड पाण्यात काढून दोन्ही तळव्यांत दाबून पिळायची. पहिलं पाणी पिवळट, फेसाळ निघतं आणि सगळा वास त्यातच असतो. परत पाणी, परत पिळायचं. तिसऱ्यांदा पाणी बऱ्यापैकी नितळ निघालं की थांबायचं. पिळलेली वडी हाताला कोरडी लागली पाहिजे, लुगडं वाळत घालताना पिळतात तशी. मग तिला दोन चमचे दही, हळद, तिखट आणि आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवायची. करडईच्या तेलात कांदा, वर ही वडी, आणि पाणी न घालता परतायची, कडा तांबूस होईपर्यंत. रस्सा त्याच्यानंतर. एवढं केलं की वडी पाण्याऐवजी मसाला पिते.

इथं एक खाच आहे, मराठवाड्यातल्या माणसासाठीच. आपल्याला रस्सा म्हणलं की येसर लागतो. पण येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि डाळ, मसाल्याबरोबर दळलेली. रस्सा दाट होतो तो त्या पिठानेच. मी पहिले पंधरा दिवस भाकरी कमी केली म्हणून छाती फुगवून फिरत होतो आणि रश्श्यात तीन-तीन चमचे येसर ढकलत होतो. आता एक चमचा येसर, बाकी दाटपणा कारळाच्या आणि तिळाच्या कुटाने. चव बदलते. वाईट लागत नाही, पण येसर तो येसर.

पन्नास ग्रॅम वडी भिजून मोठी वाटीभर होते, सव्वीस ग्रॅम प्रोटीन, साडेपाच रुपये. भाकरी एकच. सत्तर ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 47 ग्रॅमच्या आसपास कार्ब असतं. पूर्वी मी डब्यातच तीन खात होतो, आता कळतं साखर कुठून येत होती.

यार्डातला एक हमाल म्हणाला, मुनीमजी, वडीला कशाला पैसे घालता, सोयाबीनच उकडून खा, आपल्याकडं काय कमी आहे? हिशोबाने तो बरोबर होता. मी घेतलं तेव्हा अठ्ठेचाळीस रुपये किलो होतं. त्यात शंभराला छत्तीस ग्रॅम प्रोटीन, म्हणजे दहा ग्रॅम एक रुपया तेहेतीस पैशाला. माझ्या वहीतला सगळ्यात खालचा भाव. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरला भरपूर शिट्ट्या देऊन खाल्लं. सालं दातात, वास घरभर, आणि दुपारी आडतीवर पोटात जो मोंढा भरला त्याचं वर्णन नको. दोन गोष्टी मात्र गंभीरपणे सांगतो. सोयाबीन कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं नाही, त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात आणि ते नीट शिजल्यावरच मरतात. आणि पेरणीतून उरलेल्या बियाणाच्या पिशवीतलं तर चुकूनही नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. धुऊन जातं म्हणणारे खेड्यात भेटतात, त्यांचं ऐकू नका.

दुकानाचा दोषही लिहितो. पोतं तळाला आलं की वडीचा भुगा निघतो, आणि मालक तोही त्याच भावाने तोलतो. मी एकदा पाव किलो भुगा घरी आणला. पिळताना तळहाताला लगदा. विचारलं तर म्हणाला, "खाल्लं तर सारखंच लागतंय की." नाही लागत. दुसरं, वडी सादळलेली असली तर तिला जुन्या तेलासारखा खवट वास येतो. आम्ही यार्डात सोयाबीनचा ओलावा मशीनवर बघतो, हमीभावाच्या खरेदीला बारा टक्क्यांची अट असते, 2024 ला ती पंधरापर्यंत सैल केली होती. वडीला मशीन नाही, पण दोन बोटांत दाबा. चांगली वडी कडकन मोडते, सादळलेली दबते आणि परत फुगते. पावसाळ्यात हे बघितल्याशिवाय घेऊ नका. बाकी वजन चोख, काटा आपल्याकडं तोंड करून ठेवलेला, आणि फोनपे चालतं. गाडी लावायला जागा नाही, गोलाईत ती कधीच नव्हती.

अंड्यांचं थोडक्यात. ठोक दुकानातून तीसचा ट्रे घ्या, सुट्यापेक्षा अंड्यामागे अर्धा-पाऊण रुपया वाचतो. थंडीत भाव चढतो, श्रावणात उतरतो, कारण खाणारेच कमी होतात. कार्ब जवळपास शून्य. कार्बशिवाय साडेसहा रुपयात एवढं काम करणारी दुसरी वस्तू मला दिसली नाही. माझी अडचण दराची नाही, आईची. आईच्या गळ्यात माळ आहे. अंड्याचं पातेलं वेगळं, आणि शेगडी गच्चीवर. सकाळी सहाला मी गच्चीवर अंडी उकडत बसतो, शेजारच्यांना वाटतं ध्यान करतो. यार्डाच्या गेटवर एक आम्लेटचा गाडा आहे, माल चांगला, कांदा-कोथिंबीर भरपूर. पण ब्रेड नको म्हणलं की तो तोंडाकडं बघतो, आणि पैसे ब्रेडसकट घेतो.

वडी आईला चालेल असं मला वाटलं होतं. ताट वाढलं. तिने एक वडी बोटाने दाबली, तुकडा उलटा-पालटा केला आणि ताट बाजूला सरकवलं.

"काय हाय हे?"

"सोयाबीन आहे आई. यार्डातलंच."

"दिसाया तर तसलंच दिसतंय." तसलंच म्हणजे मटण. किती सांगितलं तरी त्या दिवशी तिने दही-भाकरी खाल्ली. आता तिच्यासाठी बारीक दाण्याची वडी मेथीच्या भाजीत मिसळतो. बारीक आहे म्हणून चालते. तत्त्वाचा प्रश्न आकारात होता.

पनीरवर माझा राग आहे, तो लिहूनच टाकतो. घराजवळच्या एका डेअरीत 240 रुपये किलोने पनीर मिळालं, बाकी सगळीकडं साडेतीनशेच्या वर. मुनीमाने तिथंच ओळखायला पाहिजे होतं, इतका खालचा भाव माल खराब असल्याशिवाय लागत नाही. दोन आठवडे रोज शंभर ग्रॅम खाल्लं. कार्ब नसलेली वस्तू म्हणून निर्धास्त. पण जेवणानंतरची साखर काही केल्या उतरेना. भाच्याने, तो फार्मसी शिकतो, सांगितलं की आयोडीन टाकून बघा. तुकडा पाण्यात उकळला, थंड केला, टिंक्चर आयोडीनचे तीन थेंब टाकले. पाणी निळं-काळं झालं. स्टार्च. म्हणजे मी पनीर समजून पीठ खात होतो, आणि साखर वाढली तर दोष भाकरीला देत होतो. डेअरीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, माल वरून येतो. आमच्याकडंही शेतकऱ्याला खडे दाखवले की असंच म्हणतो, पण आम्ही निदान कट्ट्यामागे वजन कापतो.

या चाचणीत फक्त पिठाची भेसळ कळते. दुधाच्या फॅटच्या जागी पामतेल घातलं असेल तर आयोडीन गप्प बसतं. म्हणून आता घरीच करतो. एक लिटर म्हशीचं दूध सत्तर रुपये, लिंबू पिळून फाडलं की दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर. किलोला साडेतीनशेच पडलं, बाजारच्या खऱ्या पनीरएवढंच, पण आपल्या डोळ्यांदेखत. दहा ग्रॅम प्रोटीन अठरा-वीस रुपयाला, म्हणून आठवड्यातून तीनदाच.

चिकन हाडं वजा जाता तेवढ्याच भावाला पडतं. ते खरं तर उत्तम, पण सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, श्रावण, नवरात्र आणि घरातली कार्यं वजा केली तर वर्षाचे किती दिवस उरतात हे मी मोजलं आणि नाद सोडला. भाच्याने व्हे पावडरचा डबा दाखवला, अठ्ठावीसशे रुपये किलो. दहा ग्रॅम पस्तीस-छत्तीस रुपयाला. वस्तू वाईट नसेल, जिमवाल्या पोरांना सोयीची असेल, पण मी ती घेतली तर बायको मला आडतीवरच झोपायला लावेल.

शेंगदाणे साडेपाच-सहा रुपयाला दहा ग्रॅम देतात आणि कार्बही कमी. पण त्यात तेल अर्धं. शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि आपला माणूस शेंगदाणे मोजून खात नाही, बोलत-बोलत खातो. मी पंधरा दिवसांत दीड किलो वजन वाढवून दाखवलं. आता मूठभरच, डब्याच्या झाकणात काढून. काळपट, कडू दाणा तोंडात आला तर थुंकून टाका. बुरशीचं विष असतं त्यात.

आणि तुरीची डाळ. इथं मला वाईट वाटतं. आमच्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही यार्डात पेढे वाटावेत इतके खूश झालो होतो. वरण म्हणजे प्रोटीन असं लहानपणापासून ऐकलं. वहीत मांडलं तर दहा ग्रॅम प्रोटीन सहाच रुपयाला, पण सोबत पंचवीसएक ग्रॅम कार्ब. डाळ फसवत नाही, ती निम्म्याहून जास्त पीठच आहे, आपणच तिला एका रकान्यात बसवलं. भाकरी-भात भरपूर खाणाऱ्याला ती प्रोटीन देते. भाकरी कमी करणाऱ्याने तिला भाकरीच्याच खात्यात लिहावं. मी रोज एक वाटी खातो. सोडणार नाही.

इथं माझ्या चुकीचंही लिहून ठेवतो, कारण लातुरात डाएट म्हणलं की प्रत्येकजण स्वतःच डॉक्टर. दिवसातून दोनदाच जेवा असं सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित इथल्याच मेडिकल कॉलेजात होते, तेव्हापासून दोन वेळा जेवायचं की तीन वेळा यावर यार्डात भांडणं होतात. मी भाकरी तीनवरून एकवर आणली, भात बंद केला, आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र पूर्वीइतकीच घेत राहिलो. डॉक्टरांनी निम्म्याच्या खाली आणा म्हणलं होतं, आठवड्याने येऊन भेटा असंही म्हणलं होतं. मी गेलो नाही. नवव्या दिवशी ऐन सौद्याच्या वेळी हात थरथरायला लागले, घाम सुटला, बोलीचे आकडे डोळ्यासमोर दोन-दोन दिसायला लागले. मापाड्याने ओळखलं, त्याच्या वडिलांना असं होतं. त्याने तोंडात गुळाचा खडा घातला. नंतर तपासली तेव्हाही साखर 62 होती. कार्ब कमी केलं की ही गोळी साखर फार खाली नेते. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि जे बोलायचं ते बोलले. किडनीची तपासणी, क्रिएटिनिन, त्यांनी आधीच करून घेतली होती. ज्याची किडनी अधू आहे त्याने माझी वही बघूच नये, त्याचा हिशोब वेगळा.

सध्याचा माझा दिवस असा: सकाळी तीन अंडी, दुपारी वडी आणि एक भाकरी, रात्री पनीर किंवा परत थोडी वडी, भाजी, वाटीभर वरण. प्रोटीन सत्तरच्या आसपास, खर्च पन्नास-पंचावन्न रुपये. चार महिन्यांनी तीच सरासरी साखर 7.2. डॉक्टर म्हणाले, अजून आहे. मला माहीत आहे, अजून येसर आहे.

त्या दुकानाला मी पाचापैकी चार देतो, एक भुग्याचा कापला. जायचं असेल तर मंगळवारी अकराच्या आत जा. नवं पोतं त्या दिवशी फुटतं.